सहारातील शैलचित्रांचे खरे धनी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत काही दिवसांपूर्वी सहारा वाळवंटातील एका शैलचित्राचे मोठे रंगीत छायाचित्र प्रसिद्ध झाले. वाटोळ्या डोक्याची, नाक-डोळे नसलेली एक उंच मानवाकृती त्यात होती आणि खाली ‘परग्रहवासी सहारात उतरले होते काय?’ एवढाच मजकूर होता. चित्र कोणत्या देशातील, कोणत्या खडकावरील, कोणत्या काळातील, याविषयी एक शब्दही नव्हता. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकले की त्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी उरत नाही, अशी सोयीस्कर पद्धत हल्ली रूढ झाली आहे. परंतु आमच्याकडील शाळकरी मुलांनी त्या ओळीतले प्रश्नचिन्ह सोडून बाकी सगळे वाचले. आटपाडी तालुक्यात भूगोल शिकवून निवृत्त झालेला शिक्षक या नात्याने मला त्या मुलांना जे सांगावे लागले, तेच आपल्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ही चित्रे पाऊस, चारा आणि जनावरे यांच्या आधाराने जगणाऱ्या माणसांनी काढलेली आहेत, त्याचे पुरावे भरपूर आहेत आणि माणदेशातील वाचकाला ते पुरावे समजणे इतर अनेकांपेक्षा सोपे आहे.

अशा वाटोळ्या डोक्यांच्या आकृत्यांसाठी सर्वाधिक प्रसिद्ध असलेला प्रदेश म्हणजे अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यातील तसिली नाज्जेर हे पठार. लिबिया आणि नायजर या देशांच्या सीमांना ते भिडते आणि जानेत हे ओअॅसिसचे गाव त्याच्या पायथ्याशी आहे. युनेस्कोने १९८२ साली हे पठार जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. संरक्षित क्षेत्र सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपले सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याच्या जवळपास पावणेचारपट. या पठारावर १५,००० हून अधिक रंगीत आणि कोरीव चित्रांची नोंद झालेली आहे. पलीकडे लिबियात टाड्रार्ट अकाकुस हा डोंगरी प्रदेश आणि मेसाकचे पठार, चाडमध्ये एनेदी, इजिप्तच्या नैर्ऋत्येस गिल्फ केबीर, अशी चित्रांची ठाणी सहाराभर विखुरलेली आहेत, आणि या सर्व ठिकाणी चित्रकाराला लाभलेला पाषाण प्रामुख्याने वालुकाश्म आहे. तो योगायोग मानता येत नाही, म्हणून आधी खडकाविषयी लिहितो.

तसिलीचा वालुकाश्म साधारण पन्नास ते चाळीस कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचा आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्यापुढे तो अगदी अलीकडचा म्हणावा लागेल. वाळू साचत असताना आजचा सहारा दक्षिण ध्रुवाच्या परिसरात होता, आणि हिमनद्यांनी ओढून नेलेल्या दगडगोट्यांचे ओरखडे या पठाराच्या खडकावर आजही पाहता येतात. जगातील सर्वांत मोठ्या उष्ण वाळवंटात बर्फाच्या खुणा सापडाव्यात, हे वर्गात सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करीत असत. पुढे या थरांना उभ्या-आडव्या भेगा पडल्या. पाण्याने त्या भेगा रुंद केल्या, वाऱ्याने त्यांच्या कडा घासल्या, आणि मूळचे सलग पठार हजारो सुट्या सुळक्यांत, कमानींत आणि अरुंद गल्ल्यांत विभागले गेले. या सुळक्यांचा तळाकडील भाग ओलाव्यामुळे अधिक झिजतो आणि वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. उन्हापावसापासून बऱ्यापैकी सुरक्षित, कोरड्या आणि फिकट रंगाच्या अशा भिंती चित्रकाराला आयत्याच मिळाल्या. वालुकाश्माच्या कणाकणांतील सूक्ष्म पोकळीत गेरूचे कण शिरून बसतात, त्यामुळे तांबडा रंग तेथे दीर्घकाळ टिकतो. उघड्यावरील खडकांवर लोह आणि मँगनीज यांच्या संयुगांचा काळपट लेप हजारो वर्षांत चढतो. तो लेप टोचून किंवा घासून काढला की आतील फिकट दगड उघडा पडतो, आणि कोरीव चित्र उमटते. कोरलेल्या रेषेवर पुन्हा काळपट लेप किती चढला आहे, यावरून चित्रांचा मागचा-पुढचा क्रम अजमावता येतो.

आपल्याकडील खडकाची रीत वेगळी आहे. बेसॉल्ट हा लाव्हारसाचा पाषाण. तो फुटतो गोलाकार पापुद्र्यांनी, आणि कुजला की त्याची काळी माती होते. अजिंठ्याची चित्रे जगप्रसिद्ध असली तरी ती थेट पाषाणावर नाहीत, पाषाणावर लिंपलेल्या गिलाव्यावर आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रागैतिहासिक रंगीत चित्रे विपुल पाहायची तर महाराष्ट्रातील माणसाला सहसा विंध्य पर्वतातील वालुकाश्मापर्यंत जावे लागते. भोपाळजवळील भीमबेटका येथील चित्रे १९५७ साली जगापुढे आणणारे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर मराठी होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात ठळकपणे असावयास हवी होती. आगगाडीच्या खिडकीतून त्या विलक्षण आकाराच्या टेकड्या दिसल्या आणि ते त्यांच्या शोधात उतरून चालत गेले, असे सांगितले जाते. खडकाच्या आकारावरून आत काय असू शकेल याचा अंदाज बांधणे हाच तो खरा गुण, आणि तो भूगोलाच्या अभ्यासातून येतो.

आता पावसाविषयी. आज तसिलीच्या पायथ्याशी वर्षाकाठी पंचवीस-तीस मिलिमीटर पाऊससुद्धा भरवशाने पडत नाही. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि त्याच जिल्ह्यातील म्हसवडला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात, तेथील माणसालाही पंचवीस मिलिमीटर हा आकडा नीट कल्पनेत आणता येत नाही. तरीही याच पठारावर हत्ती, गेंडे, जिराफ, पाणघोडे आणि आता नामशेष झालेला प्रचंड शिंगांचा रानरेडा यांची चित्रे आहेत. पाणघोडा काढणाऱ्याने पाणघोडा पाहिला असला पाहिजे, आणि पाणघोड्याला बारमाही पाणी लागते.

याचे उत्तर आकाशात आहे, मात्र ते उडत्या तबकडीत नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या आसाप्रमाणे हळूहळू दिशा बदलतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते हे सुमारे वीस-बावीस हजार वर्षांच्या चक्रात बदलत जाते. आज ती जानेवारीच्या प्रारंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी हीच जवळीक उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत होती. उन्हाळ्यातील सूर्यताप काही टक्क्यांनी वाढला, उत्तर आफ्रिकेची जमीन अधिक तापली, तेथे हवेचा दाब अधिक उतरला आणि गिनीच्या आखाताकडून येणारे मोसमी वारे आजच्यापेक्षा कितीतरी उत्तरेपर्यंत पोहोचू लागले. सरोवरे भरली, गवत वाढले, आणि गवताळ जमीन उघड्या वाळूपेक्षा ओलावा अधिक धरत असल्याने पावसाला आणखी मदत झाली. त्या काळी चाड सरोवराचा विस्तार साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या घरात होता, म्हणजे संपूर्ण महाराष्ट्रापेक्षा मोठा. पुढे चक्र फिरले, वारे दक्षिणेकडे हटले, आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपर्यंत सहारा पुन्हा कोरडा झाला. कोठे तो लवकर वाळला, कोठे उशिरा. हेच चक्र आपल्या मोसमी पावसालाही लागू आहे. राजस्थानातील लुणकरणसरचे सरोवर एके काळी पाण्याने भरलेले होते आणि तेही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आटले. सहाराची ही गोष्ट म्हणजे आपल्याच पावसाच्या कुळातील गोष्ट आहे, आणि म्हणून ती आपल्या वृत्तपत्रात यायला हवी, याविषयी माझे दुमत नाही. फक्त ती या अंगाने यावी.

सहाराच्या ओल्या काळाचे जिवंत अवशेष अजून शिल्लक आहेत. तसिलीवर सायप्रस वृक्षाची एक जात आहे, जी जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तिची अडीचशेहूनही कमी जुनी झाडे उरली असून त्यांतील काहींचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास मानले जाते. चाडमधील एनेदीच्या वालुकाश्मात आर्शेई नावाचा एक अरुंद दरीतील डोह आहे. तेथे आजही मूठभर मगरी राहतात आणि त्याच डोहावर उंटांचे तांडे पाणी पितात. अल्जीरियातील तसिलीच्या डोहांतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मगरी होत्या. चारही बाजूंनी शेकडो किलोमीटर वाळू असताना त्या तेथे बाहेरून येणे शक्य नाही. जुन्या नद्या आटत गेल्या आणि त्या डोहांत अडकून राहिल्या.

तसिलीची चित्रे एका पिढीची नाहीत आणि एका समाजाचीही नाहीत. अभ्यासक त्यांचे स्थूलमानाने टप्पे पाडतात: मोठ्या वन्य पशूंची कोरीव चित्रे, वाटोळ्या डोक्यांच्या आकृत्या, गुराख्यांची चित्रे, घोडे आणि रथ, आणि सर्वांत शेवटी उंट. यांतील पहिल्या दोन टप्प्यांच्या नेमक्या काळाबद्दल वाद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. उंटांच्या चित्रांशेजारी तिफिनाग लिपीतील अक्षरे दिसतात, आणि त्या लिपीचे वारसदार असलेले तुआरेग लोक आजही त्या प्रदेशात राहतात. घोडे आणि उंट यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही, कारण ज्यांच्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले ती गुरे आहेत.

गुराख्यांच्या टप्प्यातील चित्रे पाहताना खिलार गुरांच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांना दोन गोष्टी लगेच जाणवतात. पहिली अशी की, या गाईबैलांना वशिंड नाही. पाठ सपाट आहे. वशिंडाचे गुरू आपल्या उपखंडातले आणि ते आफ्रिकेत बरेच नंतर पोहोचले. तसिलीतील गुरे वेगळ्या कुळातील आहेत, आणि चित्रकाराने ते आपल्याला नुसत्या पाठीच्या रेषेतून सांगून ठेवले आहे. दुसरी गोष्ट अशी की, कळपातील कोणतेही दोन जनावर सारखे नाही. एक तांबडे, एक पांढरे, एक बांडे, एकाच्या पोटावर पट्टा, एकाची शिंगे वीणेसारखी वर गेलेली, एकाची पुढे वळलेली. खरसुंडीच्या बाजारात जनावर पारखताना रंग कोसा की काजळी, शिंग कसे, खूर कसा, कातडी किती पातळ, हे ज्या बारकाईने पाहिले जाते, तीच नजर या चित्रांत आहे. कल्पनेने गाय काढणारा माणूस एकच गाय दहा वेळा काढतो; प्रत्येक गाय निराळी काढणाऱ्याला त्या प्रत्येक गाईचा स्वभाव माहीत असतो. हा माझा तर्क आहे, पण जनावरे राखलेला कोणीही वाचक तो सहज मान्य करील असे वाटते.

तसिलीवरील इहेरेन येथे एका आडोशाच्या भिंतीवर एक विलक्षण चित्रसमूह आहे. त्यात पूर्ण बिऱ्हाड मुक्काम हलवताना दिसते. बैलांच्या पाठीवर सामान लादलेले आहे, नटलेल्या स्त्रिया बैलांवर बसून निघाल्या आहेत, मागेपुढे शेळ्यामेंढ्या आहेत. दसरा-दिवाळीनंतर माण, खटाव, आटपाडी या भागांतून मेंढरे घेऊन कृष्णाकाठाला किंवा घाट उतरून कोकणात जाणारे आपले धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, घोड्याच्या पाठीवर बांधलेले अंथरूण, भांडी, कोंबड्या आणि त्यावर बसलेले पोर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना इहेरेनचे चित्र समजावून सांगावे लागत नाही. पाऊस जेथे जाईल तेथे जनावरे आणि जनावरे जेथे जातील तेथे घर, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे. अर्थात या दोन समाजांचा परस्परांशी काही संबंध आहे असे मला सुचवायचे नाही. तसले नाते जोडणे हे परग्रहवासी शोधण्याइतकेच निराधार ठरेल.

चित्रे हा एकच पुरावा असता तर कोणी म्हणेल की, पाहणारा आपल्या मनातले त्यात पाहतो. परंतु खडकाच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननांनी चित्रांना साक्ष दिली आहे. लिबियातील अकाकुस पर्वतात ताकारकोरी नावाचा एक शैलाश्रय आहे. तेथील खापरांच्या छिद्रांत मुरलेल्या स्निग्ध पदार्थांचे रासायनिक विश्लेषण २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्या भांड्यांत दूध तापवले किंवा त्यावर प्रक्रिया केली जात होती, हे त्यातून सिद्ध झाले. मेसाकच्या पठारावर तर दूध काढण्याचे प्रसंगच कोरलेले आहेत. त्याच अकाकुसमधील उआन अफुदा या गुहेत त्याहूनही आधीच्या काळातील लेंड्यांचे जाड थर सापडले. माणसाळलेली मेंढरे तेथे पोहोचण्यापूर्वी त्या लोकांनी रानमेंढ्या पकडून कोंडून ठेवल्या होत्या, असा त्यावरून निष्कर्ष काढला गेला. मेंढवाड्यातल्या लेंड्या वाचून इतिहास लिहिता येतो, याचे आमच्याकडील मेंढपाळांना आश्चर्य वाटणार नाही. लेंडीखताचा हिशेब त्यांच्याइतका कोणाला कळतो? आणि शेवटी, ताकारकोरीतच पुरलेल्या, कोरड्या हवेमुळे टिकून राहिलेल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या दोन स्त्रियांच्या अवशेषांतील जनुकीय द्रव्याचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उत्तर आफ्रिकेतील एका प्राचीन मानवी वंशशाखेच्या होत्या. भूमी, कळप, दूध, बिऱ्हाड आणि आता खुद्द माणसे, इतकी साखळी जुळल्यानंतर आणखी कोणाला आभाळातून उतरवण्याची गरज उरत नाही.

येथे एक बाब वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. आपण शाळेत शिकतो की, आधी शेती आली, मग जनावरे पाळली गेली आणि गावे वसली. सहारात तसे घडले नाही. तेथे पशुपालन शेतीच्या पुष्कळ आधी आले आणि बराच काळ शेतीवाचून चालले. ज्या मुलखात पाऊस कोठे पडेल याची शाश्वती नसते, तेथे रोवलेल्या पिकापेक्षा चालता येणारी मालमत्ता शहाणपणाची ठरते, हे माणदेशाला वेगळे सांगायला नको. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आटपाडीत पोहोचण्यापूर्वीच्या दिवसांत येथील कित्येक कुटुंबे जगली ती जनावरांवरच, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशात ज्या चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्यांतही माणसे मुक्कामाला गेली होती ती जनावरांसाठीच.

मग परग्रहवासी आले कोठून? त्याचाही इतिहास आहे आणि तो छापण्याजोगा आहे. फ्रेंच सैन्याच्या उंटदळातील ब्रेनां नावाचा एक अधिकारी १९३३ साली तसिलीतील जेरात दरीत शिरला आणि तेथील कोरीव चित्रांची वार्ता युरोपात पोहोचली. पुढे १९५६-५७ मध्ये आंरी लोत या फ्रेंच संशोधकांनी चित्रकारांचे एक पथक नेऊन शेकडो चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, आणि पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा मोठी खळबळ उडाली. तसिलीवरील जब्बारेन येथील पाच-सहा मीटर उंचीच्या, वाटोळ्या डोक्याच्या एका भव्य आकृतीला लोत यांनी ‘मंगळावरचा देव’ असे थट्टेने संबोधले. थट्टा होती, ती परग्रहवाद्यांनी गंभीरपणे घेतली आणि तेव्हापासून ती जगभर, आता आपल्या पुरवणीपर्यंत, फिरत आहे. वाटोळ्या डोक्यांच्या आकृत्यांचा अर्थ काय, ते मुखवटे आहेत, अंगावर रंगकाम केलेले विधीतील लोक आहेत की देवता आहेत, याविषयी अभ्यासकांत चर्चा चालू आहे. आपल्याकडे खंडेरायाच्या जागरणात, बोहाड्याच्या मुखवट्यांच्या खेळात किंवा दशावतारात सजलेल्या माणसाचे चित्र उद्या कोणी काढले आणि हजारो वर्षांनी ते कोणाला सापडले, तर तोही त्याला या पृथ्वीवरचा मानायला कदाचित कचरेल.

लोत यांच्या मोहिमेची दुसरी बाजू अधिक खेदाची आहे. रंग उजळ दिसावेत म्हणून त्या पथकाने चित्रे पाण्याने ओली करून पुसली. त्यामुळे वरची धूळ निघाली आणि प्रतिकृती सुरेख झाल्या, पण मूळ चित्रे कायमची फिकी पडली. याचे कारण खडकाच्या रचनेत आहे. वालुकाश्म पाणी शोषतो. आतील क्षार त्या पाण्यात विरघळतात, पाणी वाळताना ते पृष्ठभागाजवळ येऊन त्यांचे स्फटिक बनतात, आणि स्फटिक फुगताना वरचा पातळ थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. रंग नेमका त्या थरात असतो. त्या मोहिमेत आणलेल्या प्रतिकृतींपैकी इजिप्शियन धाटणीच्या, पक्ष्यांच्या डोक्याच्या काही स्त्रियांची चित्रे पुढे बनावट असल्याचे उघड झाले. तरीही ती अनेक वर्षे पुस्तकांतून छापली जात राहिली. एकदा छापलेली गोष्ट मागे घेणे किती अवघड असते, हे संपादक महोदय आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

नुकसान करणारे केवळ परदेशी संशोधक नव्हते. २००९ साली अकाकुसमधील अनेक चित्रांवर फवारणीच्या रंगाने रेघोट्या ओढल्या गेल्या आणि ते कृत्य नोकरीवरून काढलेल्या एका माजी पर्यटन मार्गदर्शकाचे असल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या. पुढे लिबियातील यादवीमुळे देखरेखच उरली नाही, तेव्हा २०१६ मध्ये युनेस्कोने त्या देशातील आपली पाचही वारसास्थळे धोक्यात असलेल्या वारशाच्या यादीत घातली. हजारो वर्षे वाऱ्याने जे मोडले नाही ते माणसाने एका दुपारी मोडले. आपल्याकडे याहून वेगळे काही चालते असे मात्र समजू नये. माणदेशात गावोगावी वीरगळ आहेत. त्यांतील पुष्कळांच्या खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात, कारण तो वीर गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेला असतो. त्या वीरगळांवर ऑइलपेंटचे थर चढवलेले, त्यांना चुन्यात गाडलेले, देवळाच्या पायरीला बसवलेले मी पाहिले आहेत. भक्तीने केलेले असते, म्हणून कोणी बोलत नाही. पण लढलेल्या गुराख्याचे नाक-डोळे रंगाखाली बुजले की त्याचाही उद्या परग्रहवासी होईल.

आपल्या राज्यातही असे लेखन खडकावर आहे आणि ते सहाराइतकेच अपुऱ्या राखणीत आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या सड्यांवरील, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरील, कातळशिल्पे जांभ्या खडकात कोरलेली आहेत; २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा आहे. कोकणात आज रानटी गेंडा नाही, पण कातळावर तो आहे, म्हणजे तेथेही तसिलीसारखाच बदललेल्या निसर्गाचा दाखला दगडावर राहिला आहे. आपल्या पुरवणीला दूरच्या देशातील आश्चर्य हवे असेल तर तसिली आहेच, पण घाट उतरल्यावर चार तासांच्या अंतरावर असलेल्या या शिल्पांवर एखाद्या पुरातत्त्वज्ञाकडून आणि एखाद्या भूशास्त्रज्ञाकडून असे दोन लेख शेजारी शेजारी लिहवून घेतले, तर साताऱ्या-सांगलीचा वाचक ते कात्रण काढून ठेवील.

यापुढे असे छायाचित्र छापताना प्रदेशाचे नाव, खडकाचा प्रकार, चित्राचा अंदाजे काळ आणि ते मूळ भिंतीचे छायाचित्र आहे की कोणी केलेली प्रतिकृती आहे, एवढे चार तपशील खाली द्यावेत, अशी माझी विनंती आहे. प्रतिकृतीचा मुद्दा गौण वाटेल, पण तसिलीच्या बाबतीत जगभर फिरणारी पुष्कळशी चित्रे मूळ भिंतीवरची नसून कागदावर उतरवलेली आहेत. आणि एक गोष्ट तितक्याच आग्रहाने छापू नये. कोकणातील असो, आपल्या डोंगरातील असो, ज्या ठिकाणी कुंपण आणि रखवालदार नाही, तेथे जाण्याचा नेमका रस्ता, नकाशा किंवा मोबाइलवरील ठिकाणाची खूण वृत्तपत्राने देऊ नये. प्रदेश आणि तालुका सांगणे पुरेसे आहे. ज्याला अभ्यासासाठी जायचे आहे, तो गावात विचारील, आणि गावाला कळलेला पाहुणा सहसा भिंतीवर आपले नाव कोरत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
आटपाडी, जि. सांगली